ऊब आत, धूर बाहेर

डिझेल इंजिन तुम्हांला नवे नाही. विहिरीवर वीज येण्याआधी आपल्या बागा त्याच्याच जिवावर उभ्या राहिल्या. थंडीत सकाळी हँडल मारून दंड भरून येत, इंजिनने हवा धरली की पाना घेऊन नळीची हवा काढावी लागे, हे ज्यांनी केले आहे त्यांना डिझेलचा स्वभाव शिकवायला नको. पण डिझेलवर चालणारी शेगडी तुम्ही पाहिली आहे का? एक फूट लांब, जेमतेम पाच इंच रुंद आणि तेवढीच उंच, वजनाला तीन किलोच्या आत. गाडीच्या सीटखाली बसते आणि रात्रभर गाडीत ऊब ठेवते. तिला डिझेल हीटर म्हणतात.

थंड मुलखात हे यंत्र जुने आहे. जर्मनीत एसलिंगेन नावाचे गाव आहे. तेथे १८६५ मध्ये एबरश्पेखर आणि १९०१ मध्ये वेबास्टो असे दोन कारखाने निघाले आणि पुढे दोघांनीही गाड्या गरम ठेवणारी यंत्रे केली. बर्फात मुक्काम करणारे ट्रकवाले इंजिन बंद करून ह्याच शेगडीवर झोप काढतात. आता त्याच धर्तीची चिनी यंत्रे स्वस्तात मिळतात आणि जुन्या गाडीत बिछाना, ओटा करून फिरणारी मंडळी ती बसवून हिमाचल-लडाखला जातात. आपल्या राज्याने २०२१ मध्ये अशा मुक्कामी गाड्यांच्या पर्यटनाचे धोरणही काढले. पण हौशी प्रवाशांसाठी मी हे लिहीत नाही. माझ्यापुढे हे यंत्र आले ते एका मधपाळाच्या गाडीत.

आमच्या भागातला हा तरुण मेलीफेरा मधमाश्यांच्या पेट्या ठेवतो. पाऊस संपला की पेट्या घेऊन फुलोऱ्यामागे फिरायचे, हा त्याचा धंदा. डिसेंबर-जानेवारीत तो राजस्थानात भरतपूरकडे मोहरीच्या रानात असतो. पिवळे रान दिवसा डोळ्यांना सुख देते, पण रात्री तिकडे पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. पेट्यांजवळच राहावे लागते, म्हणून त्याने एक जुनी ट्रॅव्हलर गाडी घेऊन तीत फळ्यांचे पलंग ठोकले. बरोबर बायको आणि दोन वर्षांची मुलगी.

मोहरीतल्या पहिल्या हंगामात त्यांनी गाडीत कोळशाची शेगडी ठेवली. काचा लावल्या, फटींत पोती कोंबली आणि निजले. पहाटे मुलीला उलटी झाली. बायकोचे डोके ठणकत होते. ती मुलीला घेऊन बाहेर आली, दार उघडेच राहिले. नवऱ्याला हाका मारल्या तर तो ओ देईना. हलवून उठवल्यावर बसला आणि पुन्हा कलंडला. अर्ध्या तासाने मोकळ्या हवेत तिघेही सावरले. रात्रीची भाजी बाधली असे त्यांनी ठरवले. दुसऱ्या दिवशी भाजी बदलली, शेगडी तीच ठेवली. त्या रात्री वारा फार होता आणि एक काच पूर्ण लागत नव्हती, म्हणून निभावले.

ही हकिगत त्याने मला सहज बोलता बोलता सांगितली, भाजीची गंमत म्हणून. मी त्याच्या आईच्या तोंडाकडे पाहिले. त्या माउलीला ती प्रथमच कळत होती.

बाधली होती ती भाजी नव्हे, हवा. कोळसा, लाकूड, गॅस, डिझेल ह्यांपैकी काहीही जळताना पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत. आपल्या रक्तातील जो घटक श्वासातला प्राणवायू अंगभर पोचवतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. एकदा चिकटला की सहजी सुटत नाही. माणूस श्वास घेत राहतो आणि आतून गुदमरत जातो. आधी डोके दुखते, मग मळमळ, चक्कर, हातापायांतले बळ जाणे आणि झोप. ह्यातली झोप सर्वांत वाईट, कारण निजलेल्याला बाकीची लक्षणे कळतच नाहीत. एकाच खोलीतल्या सगळ्यांना एकाच वेळी डोकेदुखी आणि मळमळ झाली आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर जेवणावर संशय घेण्याआधी विस्तवावर घ्या. माणसाला तत्काळ मोकळ्या हवेत आणा आणि दवाखान्यात न्या. तेथे प्राणवायू द्यावा लागतो. कांदा हुंगवत बसू नका.

लाकडाच्या धुराने माणूस खोकतो आणि उठून बाहेर जातो. फुललेला कोळसा धूर देत नाही, म्हणून आपल्याला तो सोज्वळ वाटतो. खरे तर हा विषारी वायू त्याच्यातूनच भरपूर निघतो. आपल्या जुन्या घरांत हे खपून जात असे. कौलांच्या फटी होत्या, माळवदाला झरोका होता, दाराखालून मांजर जाईल एवढी वाट होती. आता खोली सिमेंटची, खिडकीला सरकती काच, दाराला रबर. आणि त्या खोलीत बाळंतिणीच्या खाटेखाली मात्र आजीच्या काळातलाच विस्तव. शेक-शेगडीच्या चालीची मी टवाळी करत नाही. बाळंतिणीला ऊब हवीच. पण विस्तव बाहेर फुलवावा, वीट किंवा पाण्याची पिशवी गरम करून आत न्यावी आणि निखारे घेऊन कोणी निजू नये. ओल्या बाळंतिणीजवळ तान्हे मूल असते. त्याचा श्वास आपल्यापेक्षा जलद चालतो, म्हणून वायूचा वाटाही त्यालाच लवकर मिळतो. उसाच्या फडावरच्या कोप्यांबद्दलही हेच. पाचटाची कोपी वारा येऊ देत असे. आता तीवर चारही बाजूंनी प्लॅस्टिकचा कागद ओढतात. त्याने दव अडते आणि हवाही अडते.

तर ह्या मुलाने ह्या वर्षी सुधारणा केली. कोळसा सोडून डिझेल हीटर आणला. निघायला तीन दिवस होते. तालुक्याच्या गावच्या एका कारागिराने तो बसवून दिला होता आणि गाडी दारात उभी होती. पेट्या पाहायला गेलो होतो, म्हणून मला तेही दाखवले. कळ दाबली, पंखा फिरला, थोड्या वेळाने गरम झोत आला. घरातली सगळी हात शेकू लागली. मी गाडीखाली वाकलो.

हीटरला मुख्य वाटा चार असतात. त्या ज्याला वेगवेगळ्या ठेवता आल्या त्याला यंत्र कळले. आत एक लहान भट्टी असते. तिच्यात हवा येण्याची नळी एक आणि धूर जाण्याची नळी दुसरी. ह्या दोन्ही गाडीच्या तळातून बाहेर. भट्टीभोवती ॲल्युमिनियमचा कोठा असतो, त्याच्या अंगाला मक्याच्या पानांसारख्या उभ्या पाकळ्या. गाडीतली थंड हवा एका तोंडातून आत जाते, त्या पाकळ्यांवरून घासत तापते आणि दुसऱ्या तोंडातून गाडीत परत येते. एकाच मोटारीच्या दोन टोकांना दोन पंखे, एक भट्टीसाठी आणि एक आपल्यासाठी. जाळाची हवा आणि आपली हवा ह्यांमध्ये धातूची भिंत असते. ऊब भिंतीतून येते, धूर येत नाही. कोळशाच्या शेगडीत आणि ह्यात फरक आहे तो एवढाच. आणि नेमका तोच कारागिराने मोडून ठेवला होता.

भट्टीची हवा ओढणारी नळी त्याने गाडीच्या आतच ठेवली होती. म्हणाला होता, आतली गरम हवा ओढली की डिझेल वाचते. आणि धुराची नळी तळाखाली वीतभर काढून तेथेच सोडून दिली होती.

आता हिशेब पाहा. वाळू-मुरमाचा ब्रास तुम्हांला ठाऊक आहे, शंभर घनफूट. एक लिटर डिझेल पुरते जळायला निदान साडेतीन ब्रास हवा लागते. लहान हीटर मध्यम जाळावर रात्रीच्या आठ तासांत सव्वा लिटरच्या आसपास डिझेल पितो, म्हणजे सव्वाचार ब्रास हवा. त्या मुलाच्या गाडीची आतली मापे मी टेपने घेतली. बारा फूट लांब, सहा रुंद, सहा उंच. चारशे बत्तीस घनफूट. म्हणजे सगळ्या गाडीत मिळून हवा सव्वाचार ब्रास! हे यंत्र रात्रभरात अख्खी गाडीभर हवा ओढून बाहेर टाकणार. मग तिच्या जागी दुसरी येणार कोठून? दार बंद, काचा बंद. ती येणार तळाच्या भोकांतून, पत्र्याच्या सांध्यांतून. आणि तळाखाली काय साचले आहे? धूर. विहिरीतले पाणी उपसले की आजूबाजूचे झरे तिकडे धावतात, तसा खालचा धूर फटींतून आत धावणार. वाचून वाचणार होते ते पावशेर डिझेल.

मी त्याला म्हणालो, "हे आजच उतरव. ह्यात कोणी झोपायचे नाही."

"साहेब, मोहरी फुलली तिकडे. ट्रक ठरलाय पेट्यांचा. तिथं गेल्यावर बघतो ना कोणाकडून."

"तिथे गेल्यावर पहिली रात्र येईल. ती कशी काढणार?"

तो गप्प झाला. ट्रकवाल्याचा बयाणा दिला होता आणि मोहरीचा फुलोरा कोणासाठी थांबत नाही, हेही खरे होते. त्याचा एकेक दिवस मधाच्या डब्यांत मोजायचा असतो, मला ते कळत होते. शेवटी आई बोलली. "फुलं दोन दिवस उशिरा गाठ. पोरीला मी पाठवीत नाही ह्या गाडीत." त्यावर बोलण्यासारखे काही उरले नाही. पेट्या एका जोडीदाराबरोबर पुढे गेल्या आणि गाडी मागे राहिली.

मी त्याला त्याच्याच धंद्यातले एक उदाहरण दिले. थंडीत मधमाश्या एकमेकींना बिलगून गोळा करतात, अंग थरथरवून ऊब करतात आणि बाहेर चार अंश असले तरी पिलाव्याजवळ चौतीस-पस्तीस अंश राखतात. आपण थंडीत पेटीचे दार अरुंद करतो, बुजवत नाही. बुजवले तर आत वाफ साचते, फळ्यांना बुरशी येते, वसाहत खचते. तो हसला. म्हणाला, "माश्यांच्या पेटीला भोक ठेवलं आणि आपल्या पेटीत पोती कोंबली."

पुढचे दोन दिवस आम्ही ते यंत्र नव्याने बसवले. काम अवघड नाही, पण प्रत्येक गोष्टीला कारण आहे.

हीटर धातूच्या पट्टीवर, खाली पॅकिंग घालून बसवावा आणि पट्टी व तळ ह्यांमध्ये केसाएवढी फट राहू देऊ नये. दोन्ही नळ्या तळातून खाली. धुराची नळी लोखंडी लवचीक मिळते, ती क्लिपेने आवळून गाडीच्या कडेपर्यंत न्यावी आणि तोंड बाहेर, खालच्या अंगाला. दाराकडे नाही, खिडकीखाली नाही, पुढच्या बाजूला तर नाहीच. दोन मीटरपेक्षा लांब नको आणि वळणे थोडी. जेथे ती सर्वांत खाली येते तेथे बारीक भोक असावे, कारण जळण्यातून पाणी निघते आणि ते नळीत साचून वाट अडवते. डिझेलमधून पाणी कसे, असे त्याने विचारले. लिटरभर डिझेल जळाले की जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने निघते. आत उघडा गॅस पेटवून ऊब घेणाऱ्यांच्या काचा का घामेजतात आणि गोधड्या का दमट होतात, ते ह्यावरून ध्यानात यावे.

हवा ओढणाऱ्या नळीचे तोंड धुराच्या तोंडापासून दूर, आणि चालत्या गाडीचा वारा वा चिखल त्यात शिरणार नाही असे. धुराची नळी फार तापते. वायरी, डिझेलची नळी, टायर तिच्यापासून लांब. एक गोष्ट शहरी कारागीर सांगणार नाही, कारण त्याला ती सुचतच नाही: गाडी वाळल्या गवतावर, पाचटावर, कडब्याजवळ किंवा खळ्याच्या भुसावर उभी करून हीटर लावू नका. आपल्या मुक्कामाची जागा बहुधा तीच असते. फावड्याने चार हात जमीन साफ करायला पाच मिनिटे लागतात.

डिझेलचा छोटा पंप टकटक करत थेंब मोजून देतो. तो आडवा बसवू नये, तिरका बसवावा आणि डिझेल बाहेर जाणारे टोक वर ठेवावे, म्हणजे बुडबुडे पुढे निघून जातात. नळी बारीक आणि कडक हवी. रुंद, मऊ नळीत हवा अडकते आणि जाळ मिणमिणतो. हे इंजिनने हवा धरण्यासारखेच आहे. गाडीच्या टाकीतून डिझेल घ्यायचे तर ओढनळी तळाला टेकवू नये. टेकवली तर गाळ ओढेल आणि एखाद्या रात्री टाकी कोरडी करून सकाळी गाडीच चालू होणार नाही.

विजेचे म्हणाल तर पेटताना हीटर आठ-दहा अँपिअर ओढतो, कारण ग्लो प्लग लाल करावा लागतो. एकदा पेटल्यावर एक-दोन अँपिअरवर भागते. म्हणजे रात्रीला पंधरा अँपिअर-तास धरा. शंभरच्या बॅटरीला ते जड नाही. पण वायर बारीक घेतली तर तारेच्या शेवटी असलेल्या मोटारीची जी गत होते तीच येथे. दाब पडतो, प्लग लाल होत नाही, डिझेल न जळता पांढरा धूर येतो आणि यंत्र बंद पडते. माणूस पुन्हा पुन्हा कळ दाबतो, भट्टीत डिझेल साचते आणि मग कधीतरी एकदम पेटून धुराचा लोट उठतो. दोनदा पेटले नाही तर तिसऱ्यांदा दाबण्याआधी वायर आणि नळी तपासा. फ्यूज बॅटरीजवळच हवा. पहिल्या दिवशी मात्र नळीत डिझेल भरेपर्यंत एक-दोन फेऱ्या फुकट जातात, त्याने घाबरू नये.

खोक्यावर मोठा आकडा पाहून हुरळू नका. बारा फुटी गाडीला दोन किलोवॉटचा हीटर पुरतो. तो पूर्ण जाळावर ताशी पाव लिटरच्या आसपास पितो, मंद जाळावर त्याच्या निम्म्याहून कमी. मोठा घेतला तर तो सदा मंदच चालवावा लागतो, आणि मंद जाळ म्हणजे काजळी. भट्टीला काजळी धरली की जळण अर्धवट होते आणि पुन्हा तोच वायू. मंद चालवलाच तर बंद करण्याआधी पंधरा-वीस मिनिटे पूर्ण जाळ द्यावा. हीटरपेक्षा आधी पत्र्याला आतून अस्तर लावा. उघडा पत्रा तापवत बसणे म्हणजे फुटक्या पाटाने पाणी नेणे. फक्त थर्माकोल गरम झोताच्या नळीजवळ नको.

बंद करण्याची रीत महत्त्वाची. कळ दाबली की जाळ जातो, पण पंखा तीन-चार मिनिटे फिरत राहतो. त्याला फिरू द्यावे. गुऱ्हाळात चुलवणातला जाळ ओढला तरी चुलवण तापलेलेच असते, तसे हे आहे. "उगाच बॅटरी खातो" म्हणून कोणी तार उपटली तर आतली वायर आणि कोठा भाजून निघतो. डिझेल भरताना हीटर बंद. पंपावर शिरण्याआधीच बंद.

उंच मुलखात जाणाऱ्यांसाठी एक शब्द. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. तेथे हवा विरळ, म्हणजे तेवढ्याच डिझेलला प्राणवायू कमी. ज्या हीटरला उंचीनुसार डिझेल घटवण्याची सोय नाही तो तेथे काजळीने भरतो. कडक थंडीत डिझेल आपल्या खोबरेल तेलासारखे गोठू लागते, म्हणून इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे तेहतीस अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल आणले. भरतपूरला ह्याची गरज नाही. गाडीत असे बदल करताना मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मध्ये येते, म्हणून आरटीओकडे आणि विमावाल्याकडे आधी विचारलेले बरे.

सगळे झाल्यावरही मी त्याला दोन गोष्टी करायला लावल्या. एक म्हणजे वरची काच दोन बोटे उघडी. जाळाची हवा बाहेरून आली तरी तीन माणसांच्या श्वासाची आतूनच जाते. दुसरी म्हणजे कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून त्याची घंटी खाली लावतात. हा वायू हवेइतकाच हलका, तो सगळीकडे मिसळतो, म्हणून ही घंटी निजल्यावर डोके जेथे येते त्या उंचीला. आठवड्यातून एकदा बटण दाबून वाजवून पाहायची आणि पाठीवर छापलेली मुदत संपली की नवी आणायची. हीटरमुळेच वायू येईल असे नाही, हे त्याला पुढे कळले. जानेवारीत त्याचा फोन आला. मध्यरात्री घंटी वाजली, तो घाबरून हीटर बंद करून सगळ्यांना घेऊन बाहेर पडला. पाहतो तर शेजारच्या शेतकऱ्याने रात्रीच्या पाण्यासाठी इंजिन लावले होते आणि त्याचा धूर वाऱ्याने थेट ह्याच्या उघड्या काचेत. त्याने गाडी पन्नास पावले हलवली.

त्याच्या शेजारी एक कुक्कुटपालक आहे. त्याने मला विचारले, हाच हीटर पिलांना चालेल का? प्रश्न चांगला आहे. पहिल्या आठवड्यात पिलांना पस्तीस अंश लागतात, पडदे सोडलेले असतात, आणि अजून पुष्कळ शेडमध्ये कोळशाच्या शेगड्याच जळतात. पिले एका कोपऱ्यात मेलेली सापडली की थंडीने मेली म्हणून आपण आणखी एक शेगडी वाढवतो! बसवणुकीचा नियम येथेही तोच, भट्टी आणि दोन्ही नळ्या शेडबाहेर आणि फक्त गरम झोत आत. पण पाच किलोवॉटचा हीटर पूर्ण जाळावर ताशी अर्धा लिटर पितो, दिवसरात्र बारा लिटर. आपल्या पंपावरचा भाव धरून गुणाकार करा आणि वीज असेल तेथे बल्बच्या खर्चाशी ताडून पाहा. दोनशे-चारशे पिलांच्या शेडला मला बल्ब बरा वाटतो. वीज वारंवार जाते तेथे जोडीला हीटर ठेवायला हरकत नाही. कोळशाची शेगडीच वापरायची तर तिच्यावर पत्र्याची टोपी आणि छतापार जाणारा पाइप हवा. १९८० च्या दशकात गावोगाव ज्या धूररहित चुली बसवल्या, तिचेच हे भावंड. त्या चुलींचे पाइप पुढे कोणी साफ केले नाहीत, ही वेगळी रड.

हंगाम संपला की हीटर विसरू नये. महिन्यातून एकदा पंधरा मिनिटे पूर्ण जाळावर चालवावा, म्हणजे नळीतले डिझेल शिळे होत नाही आणि पंप जाम होत नाही. पावसाळ्यात दोन्ही नळ्यांच्या तोंडांना टोप्या घालाव्यात, कारण कुंभारमाशीला असे भोक फार आवडते आणि ती मातीने ते लिंपून टाकते. त्या टोप्यांना लाल चिंधी बांधून दुसरे टोक गाडीच्या किल्लीला अडकवा. टोप्या काढल्याशिवाय कळ दाबायची नाही.